भट्टीतली हाक आणि चार नंबरचा हँडसेट

माझं शिक्षण आठवी, तेही अर्धवट. त्यामुळे लिहिण्यात चुका होतील, तेवढ्या पोटात घाला. हे लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं... शेवटी काकूच म्हणाल्या, "लिही. तुझ्या डोक्यातून उतरेल तरी."

आमचं गाव हिंगोलीकडं. गावात एका बाईच्या अंगात यायचं. ती आमच्या दारात येऊन घुमायला लागली की माझा बाप तिच्यापुढं पिठलं-भाकरी ठेवायचा आणि म्हणायचा, "बाई, आधी पोटात येऊ दे, मग अंगात येऊ दे." बाई मुकाट जेवायची आणि जायची. अशा बापाच्या हाताखाली मी वाढलो. त्यामुळे भुताखेतांचं वगैरे कुणी सांगायला लागलं की मला हसू यायचं. आता येत नाही. पण मानायला लागलो असंही नाही. मधेच कुठंतरी अडकलोय, असं म्हणा.

जागा आधी नीट सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

वसईजवळ गिरीज म्हणून गाव आहे. सगळ्या वाड्या. केळी, नारळ, भाजी. मी विरारला बिल्डिंगच्या कामावर आलो होतो, तिथून गिरीजच्या एका साइटवर. पाणी आणायला शेजारच्या वाडीतल्या विहिरीवर जायचो. ती वाडी काकूंची. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "जेवलास का?" त्या आधी मला हे कुणी कधी विचारलं होतं ते आठवत नव्हतं... साइट बंद पडली, बाकीचे पांगले. मला कावीळ झालेली, डोळे हळदीसारखे. काकूंनी मागची खोली उघडून दिली. म्हणाल्या, "राहा इथंच. बरा झालास की वाडीला पानी लाव." तेव्हापासून मी तिथलाच.

त्या माणसांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. पण एक सांगतो, ज्यानं कधी असे उपकार घेतले असतील त्याला कळेल. उपकाराच्या घरात माणूस मोठ्यानं खोकत नाही. भांडं हातातून पडलं तर आवाजाच्या आधी आपलं काळीज पडतं. आपण इथं जास्तीचे आहोत, कुणाच्या लक्षात यायला नको, असं सारखं वाटतं. काकूंनी तसं कधी वाटू दिलं नाही, माझा मीच आवळून घेऊन राहायचो. गावी जायचं म्हटलं तरी तोंडातून शब्द निघायचा नाही. जातो म्हटलं आणि त्यांना वाटलं, फिटलं याचं काम, तर?

घरात काकू आणि त्यांचा मुलगा, हेमंतदादा. काकूंचे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणायचे, ते मी येण्याच्या आदल्या वर्षी वारले. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय. मायलेक आपसात त्यांच्या घरच्या बोलीत बोलायचे, ते मला निम्मंच कळायचं. माझ्याशी सरळ मराठीत.

दादा मुंबईला कॉम्प्युटर कंपनीत होते. ती नोकरी सोडून त्यांनी घरीच माडीवर काम सुरू केलं. काम काय, तर मोबाइलवर आपोआप सूचना पोचवायचं. आता हे कुणालाही समजेल, पण दोन हजार आठ-नऊ साली आमच्यासारख्यांच्या हातात बटणांचे फोन होते. वाडीवाल्याला दोन गोष्टी वेळेवर कळायला हव्या असायच्या, एक थ्री फेज कधी आली, म्हणजे पंप चालू करता येईल, आणि दुसरं, बाजारात आज भाव काय. दादांनी त्यासाठी फोनमध्ये टाकायचं ॲप्लिकेशन बनवायला घेतलं होतं. ते ह्याला 'पुश' म्हणायचे.

मला समजावताना म्हणाले, "बाजारात जाऊन मासळी आणणं वेगळं, आणि मासळीवालीनं दारात येऊन हाक मारणं वेगळं. आपण मेसेज बघायला जायचं नाही. मेसेजनं येऊन आपल्याला हाक मारायची."

"आणि आपण घरी नसलो तर?"

"तर ती पायरीवर बसून राहते. माणूस आला की मग हाक मारते. फोन बंद असू दे, रेंज नसू दे, मेसेज वाट बघत थांबतो. माणूस सापडला की पोचतो."

हे वाक्य मी पुढं हजार वेळा आठवलंय.

सगळं माडीवरच्या कॉम्प्युटरवरून चालायचं. दादा तिथं टाइप करायचे, इंग्रजी अक्षरांत मराठी, कारण त्या फोनवर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. फोन आपोआप वाजायचा, पडद्यावर मजकूर यायचा आणि खाली एकच बटण, 'पोचला'. ते दाबलं की मजकूर पुसला जायचा आणि वर कॉम्प्युटरवर दिसायचं की अमक्या नंबरच्या हँडसेटला मिळाला. दादांनी जुने हँडसेट जमवले होते, मागं नंबर चिकटवलेले. एक काकूंच्या स्वयंपाकघरात खिडकीशी खिळ्याला टांगलेला असायचा. चार नंबरचा माझ्याकडं. मी टेस्टर. दादा म्हणायचे, "तुला वापरता आलं म्हणजे कुणालाही येईल." ह्यात मला कधी अपमान वाटला नाही. उलट आठवी नापास माणसाला कुठंतरी त्याच्यामुळंच काम मिळालं, म्हणून बरं वाटायचं.

वाडीत दिलीप म्हणून गडी होता, जवळच्याच मिठागराकडच्या गावचा. तो चिडवायचा, "काय टेस्टर, आज पास का नापास?"

"नापास."

"वा! शाळेत नापास झालास तर बापानं मारलं, हितं नापास झालास तर पगार!"

काकूंना त्या फोनवरची इंग्रजी अक्षरं वाचता यायची नाहीत. फोन वाजला की त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "बालाजीऽऽ, बघ रे, डबडं काय बोलतंय!" आणि मी वाडीत कुठंही असलो तरी पळत जायचो. हातातलं टाकून. एकदा तर तोंडाला साबण तसाच. हे लक्षात ठेवा, पुढं कामाचं आहे.

आता भट्टी.

केळी पिकवायच्या खोलीला तिथं सगळे भट्टी म्हणायचे. घराच्या मागं, वाडीच्या कडेला. दगडी जाड भिंती, ठेंगणं दार, खिडकी नाही. आत केळीची लोंगरं, म्हणजे अख्खे घड, सुक्या पानांवर रचायची. दार लावून बाहेरून अडसर घालायचा. दाराच्या फटी शेणमातीनं लिंपायच्या. भिंतीच्या पायाशी बाहेरच्या बाजूनं एक छोटी चूल, तिच्यात शेणी आणि नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, पेटवून वरून दाबायची, जाळ नको, नुसता धूर. तो वाकड्या नळीतून आत जातो आणि कोंडून राहतो. त्या उबेनं केळी पिकतात. हल्ली पावडरीनं पिकवतात, पण काकूंचं गिऱ्हाईक जुनं, त्यांना धुरावरचीच लागायची.

त्या भट्टीचा एक रिवाज होता. दार लिंपायच्या आधी उंबऱ्यावर उभं राहून आत हाक मारायची, "आत कोण?" आणि थांबायचं. अण्णांच्या तरुणपणी एकदा घरचा कुत्रा आत झोपलेला राहून गेला होता, दुसऱ्या दिवशी मेलेलाच सापडला. तेव्हापासून अण्णांनी हाक मारल्याशिवाय कधी धूर दिला नाही. हाक मारून ते तंबाखू मळायचे. मळून होईपर्यंत थांबायचे. मग दुसरी हाक. मग लिंपायला घ्यायचे. अण्णा गेल्यावर काकू स्वतः जायच्या हाक मारायला. मी पाहिलंय. रिकाम्या खोलीत केळ्यांना हाक मारणारी बाई... दिलीप मागं उभा राहून मला डोळा मारायचा.

हे सगळं घडलं त्या वेळी काकूंच्या पायाला सूज होती, चालवत नव्हतं. त्यांनी दिलीपला बजावलं होतं, "हाक मारल्याशिवाय लिंपू नकोस."

"हो काकू."

त्या दिवशी सकाळी मी आणि दिलीपनं लोंगरं रचली. लग्नाची ऑर्डर होती. धूर नेहमी संध्याकाळी लावायचो, ऊन उतरल्यावर. दिलीप जेवायला गेला. दादांनी मला वर बोलावलं.

"बालाजी, आज अडकलेल्या मेसेजची टेस्ट करू. रेंज अजिबात नाही अशी जागा हवी."

"भट्टी आहे ना," मीच म्हणालो. माझीच अक्कल.

"भारी. आत जाऊन बस. मी इथून मेसेज सोडतो. थोडा वेळ थांबून बाहेर ये, आणि बाहेर आल्यावर तो येतो का बघ. आणि हेडफोन लाव, गाणं चालू ठेव. गाण्याच्या मधे आवाज ऐकू येतो का तेही कळेल."

मी गेलो. चपला आत नेल्या, कारण बाहेर उन्हात तापतात. दार पुढं लोटून घेतलं, नाहीतर फटीतून थोडी रेंज यायची. लोंगरांच्या मधल्या बोळकांडीतून पार मागच्या भिंतीशी जाऊन बसलो. हँडसेटवर रेंजच्या जागी फुली. कानात गाणं. गार होतं आत, कच्च्या केळीचा हिरवा वास... आणि खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. माझं कुणालाही काही ओझं नाही, अशी ती एकच जागा होती.

पुढं जे बाहेर घडलं ते मला नंतर कळलं, पण इथंच सांगतो, म्हणजे गोंधळ नको. दादा टाइप करायला बसले आणि लाइट गेली. लोडशेडिंग. कॉम्प्युटरच्या खालची बॅटरी आदल्या आठवड्यातच मेली होती, त्यामुळे सगळं जागीच बंद. मेसेज गेलाच नाही. दादांनी विचार केला, बालाजी थोड्या वेळानं येईलच बाहेर, आणि गाडी काढून वसईला बॅटरी बघायला गेले. इकडं टेम्पोवाल्याचा फोन आला की माल एक दिवस आधी लागणार. दिलीप जेवून घाईघाईत आला, दार लोटलेलं बघितलं, अडसर घातला, लिंपलं, चूल पेटवली आणि टेम्पोच्या भानगडीसाठी रस्त्याकडं निघून गेला.

मला पहिल्यांदा वास आला. वाटलं कुणीतरी पाला जाळतंय. मग डोळे चुरचुरले. हेडफोन काढले. दाराच्या फटीतून जी उजेडाची रेघ दिसायची, ती नव्हती.

आपण आत आहोत आणि भट्टी लागली आहे, हे समजायला मला वेळ लागला नाही. पण पहिला विचार काय आला असेल? लाज वाटते सांगायला. पहिला विचार आला, आता दार उघडायला लावलं तर लिंपण मोडेल, धूर जाईल, लग्नाचा माल खराब होईल. माझ्यामुळं. म्हणून मी आधी दारावर हळू मारलं. हळू! जसं कुणाची झोपमोड नको.

मग खोकला सुरू झाला आणि मी दोन्ही मुठींनी दार बडवायला लागलो. पण शेजारच्या वाडीतलं बावखल, म्हणजे पाण्याचं जुनं तळं, बुजवायचं काम चालू होतं. डंपर येऊन दगडमाती ओतत होते. माझा आवाज त्या गडगडाटात कुठं पोचणार? दाराला खांदा दिला. ते दार अण्णांच्या वडिलांच्या काळचं, माझ्यासारखे चार असते तरी हललं नसतं. नळीच्या तोंडात सुकी पानं कोंबावीत असं वाटलं, पण पेटली तर आत जिवंत जळायचो. शर्ट काढून कोंबला. धूर शर्टातून झिरपून यायला लागला आणि शर्ट करपायला लागला. तो ओढून काढताना बोटं भाजली. अजून डाग आहेत.

मग माणसाला जे सुचतं ते. खाली वाकलो, पोटावर पडलो, मागच्या भिंतीशी सरपटत गेलो. तिथं जमिनीलगत हवा थोडी बरी होती. ओरडायला तोंड उघडलं तर घशातून नुसती घरघर. हात-पाय जड झाले. डोक्यात घण. आईची आठवण आली असं लिहिलं तर बरं दिसेल, पण खरं सांगतो, आठवण आली ती काकूंची. की उद्या दार उघडतील आणि त्यांच्या भट्टीत मी सापडेन. त्या कुत्र्यासारखा. आणि ह्या बाईला तो डाग जन्मभर. जिनं मला जेवलास का म्हणून विचारलं, तिच्या घरी मी हे करून ठेवणार... मरण्यापेक्षा ह्याचंच मला जास्त वाटलं.

तेव्हा हँडसेट वाजला.

गळ्यात लोंबणाऱ्या हेडफोनमधून तो ओळखीचा टिंग आवाज. पडदा उजळला. त्या अंधारात, धुरात, तो हिरवट उजेड. रेंजच्या जागी फुलीच होती, हे मी शपथेवर सांगतो, कारण माझी सवयच होती, आधी रेंज बघायची आणि मग मजकूर. दादांचा टेस्टचा मजकूर ठरलेला असायचा, 'टेस्ट' आणि पुढं आकडा. तो नव्हता.

इंग्रजी अक्षरांत दोनच शब्द होते. आत कोण?

मला घाबरायलाही शक्ती नव्हती. खाली बटण होतं, तेवढं दाबलं. पोचला.

पडदा विझला. मी डोकं जमिनीला टेकवलं. बऱ्याच वेळानं, म्हणजे एखादा माणूस तंबाखू मळून होईल इतक्या वेळानं, परत टिंग. आत कोण? परत दाबलं. मग परत. किती वेळा ते सांगता येणार नाही. मला एवढंच आठवतं की दर वेळी मी म्हणायचो, आता ह्या खेपेला बोट उचलणार नाही, झोपू दे. आणि दर वेळी तो आवाज यायचा. कुणीही हाक मारली की ओ द्यायची, हे लहानपणापासूनचं वळण. माझं शरीर मेलं होतं, पण ते वळण मेलं नव्हतं.

आता बाहेरचं. हे मला दिलीपनं सांगितलं.

स्वयंपाकघरातलं डबडं वाजलं. काकूंनी हाक मारली, "बालाजीऽऽ, बघ रे!" मी आलो नाही. परत वाजलं. परत हाक. एरवी मी तोंडाला साबण लावून पळत येणारा. काकू सुजल्या पायांनी उठल्या, खिळ्यावरून फोन काढला आणि तो हातात घेऊन वाडीत आल्या. फोन मधून मधून वाजतच होता. रस्त्याकडून दिलीप येताना दिसला.

"बालाजी कुठं?"

"दिसला नाय. दादांबरोबर गेला असंल."

"दादा एकटा गेला. मी बघितला." मग त्यांची नजर भट्टीच्या धुराकडं गेली. "आत्ताच लावलीस?"

"टेम्पो लवकर येतोय काकू, म्हनून..."

"हाक मारलीस?"

दिलीप हातावरची शेणमाती पुसायला लागला.

"दिलीप, हाक मारली होतीस का?"

"भिंतीला काय हाक मारायची काकू... लाज वाटते."

काकू धावल्या म्हणे. मी त्यांना कधी धावताना पाहिलेलं नाही. लिंपलेल्या दाराशी जाऊन त्या सगळा जीव एकवटून ओरडल्या, "आत कोण?"

आतून काही नाही. डंपरचा आवाज थांबला होता, तरी काही नाही.

आणि त्यांच्या हातातला फोन वाजला.

दिलीप सांगतो, त्यांनी पडद्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघून त्यांना वाचता कुठं येणार होतं? त्या फक्त म्हणाल्या, "आहे. आत आहे. फोड." दिलीपनं अडसर काढला, लिंपण लाथेनं फोडलं आणि तोंडाला फडकं बांधून आत शिरला. मला पायाला धरून ओढत बाहेर काढलं. चार नंबरचा हँडसेट माझ्या मुठीत होता, अंगठा बटणावर. अंगठा सोडवावा लागला.

पहिलं आठवतं ते आभाळ. मग काकूंचा चेहरा. त्या रडत होत्या आणि मला मारतही होत्या, खांद्यावर, चापट्या. "मेल्या, ओरडता येत नाही तुला? तोंड नाही तुला?"

मी म्हणालो, "काकू, माल..." आणि उलटी झाली.

डॉक्टरांकडं नेलं, दोन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरांना मी मेसेजचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "धूर डोक्यात गेला की माणसाला नको ते दिसतं, ऐकू येतं. तू वाचलास हे पुष्कळ झालं." मला पटलं. अजूनही वाटतं, माझ्यापुरतं ते खरं असेल. माझ्या हँडसेटवर तर पुरावा काही नव्हताच, बटण दाबलं की मजकूर पुसला जातो, ती पद्धतच होती.

पण काकूंनी त्यांच्या फोनचं बटण दाबलेलं नव्हतं.

दादा वसईहून आले तेव्हा काकूंनी फोन त्यांच्या हातात दिला. "वाच. बालाजी नव्हता वाचायला." मी हे डॉक्टरांकडून परत आल्यावर ऐकलं. दादांनी वाचलं. पडद्यावर होतं, 'चार – पोचला'. ते खाली बसले म्हणे, ओट्यावरच.

दादांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं ते असं. एक, त्या वेळी कॉम्प्युटर बंद होता, लाइट संध्याकाळी आली. म्हणजे मेसेज सोडणारंच कुणी नव्हतं. दोन, हँडसेटवरून हँडसेटला काहीही जाऊ शकत नव्हतं, मधे कॉम्प्युटर लागणारच. आणि तीन, 'पोचला'ची सूचना दुसऱ्या फोनवर दाखवायची, ही कल्पना त्यांच्या डोक्यात होती. पुढं कधीतरी करायची होती. पण केलेली नव्हती. "तो भाग मी लिहिलेलाच नाही रे," ते म्हणाले. "जे लिहिलेलंच नाही, ते चाललं कसं?"

मला काय माहीत. मी आठवी.

त्यांनी पुढं बरेच दिवस शोधलं. हँडसेट उघडून बघितले, ओळखीच्या दोघांना बोलावून दाखवलं. एक जण म्हणाला, नेटवर्कवर जुना अडकलेला मेसेज असेल. दादांनी विचारलं, "'आत कोण' असा मेसेज आजवर कुणी टाइप केला होता?" तो हँडसेट परत जोडायला लागला. काकूंच्या फोनची बॅटरी संपली आणि परत चालू केल्यावर ती ओळ गेली होती. नंतर दादा पुण्याला नोकरीला गेले. ते काम तसंच राहिलं. जाताना मला चार नंबरचा हँडसेट देऊन गेले. मी घेतला, पण तो मी कधी चालू केला नाही.

काकूंना मी एकदा विचारलं. दुपारी त्या भाजी निवडत होत्या. म्हटलं, "काकू, अण्णा होते का ते?"

त्यांनी वर बघितलं नाही. "अण्णांना साधा फोन लावता येत नव्हता. रेडिओचं बटण माझ्याकडून फिरवून घ्यायचे." मग दुसरी जुडी सोडत म्हणाल्या, "हाक मारायची राहिली होती. ती मारली गेली. कुणी मारली ते विचारून काय करायचंय? तू ओ दिलीस ना, झालं."

दिलीप आता मला टेस्टर म्हणत नाही. मला ते चुकल्यासारखं वाटतं.

मला ह्याचं उत्तर सापडलेलं नाही आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाकडं असेल तर जरूर कळवा. एवढंच सांगून थांबतो. भट्टी अजून चालू आहे. काकूंचे पाय आता कायमचेच दुखतात, त्यामुळे हाक मारायचं काम माझ्याकडं आलंय. मी तंबाखू खात नाही, म्हणून हाक मारून झाली की नुसता उंबऱ्यावर उभा राहतो, हात रिकामे ठेवून. आतून कच्च्या केळीचा तो हिरवा वास येतो. उत्तर येईल ह्याची भीती वाटते. आणि कुणी आत असेल, त्याला ओरडता येत नसेल, ह्याची त्याहून जास्त.

दुसरी हाक मी पहिलीपेक्षा मोठ्यानं मारतो. पार रस्त्यापर्यंत ऐकू जाते. ह्या घरात इतक्या मोठ्यानं मी दुसरं काहीच बोलत नाही.